छावणीतला दवाखाना कुणासाठी?

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारलंय. धाकटा भाऊ फौजेत आहे. सुट्टीवर आला, गावाजवळ मोटारसायकल घसरली, मांडीचं हाड मोडलं. आधी खासगी दवाखान्यात नेलं, तिथून छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये हलवलं. आता तिथले लोक म्हणतात, ‘पुढं बोर्ड होईल.’ गावात कुणी सांगतं नोकरी गेली, कुणी सांगतं मिलिटरीचा दवाखाना म्हणजे राजेशाही थाट. त्यांचं विचारणं असं: सीमा इथून दोन दिवसांच्या रेल्वेवर, मग मराठवाड्याच्या मधोमध लष्कराचा दवाखाना कशाला आणि कधीपासून? आज तो नेमकं करतो काय? आणि आमच्या आईला तिथं दाखवता येईल का?

गुरुजी, नोकरी गेलेली नाही. हे आधी घरात सांगा, आईला जेवू द्या, मग पुढचं निवांत वाचा.

मी आर्मी मेडिकल कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. लखनौच्या सेंटरला नर्सिंग असिस्टंटचं ट्रेनिंग घेतलं आणि पुढची सगळी नोकरी वॉर्डात, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या तपासणीच्या खोलीत, नाहीतर पलटणीबरोबर डोंगरात काढली. डॉक्टर नाही मी. त्यामुळं हाड किती दिवसांत जुळेल ते मला विचारू नका, ते सर्जन सांगतील. दवाखाना आतून कसा चालतो, ते मात्र सांगू शकतो.

पलटणीत सकाळी ‘सिक रिपोर्ट’ असतो. ज्याला बरं नाही तो नाव लिहवतो आणि रांगेत उभा राहतो. मेडिकल ऑफिसर तपासतो, आणि जवानाच्या नावापुढं आजाराबरोबर निकाल लिहितो. ‘एम अँड डी’, म्हणजे मेडिसिन अँड ड्यूटी, गोळी घे आणि कामावर जा. नाहीतर पीटी माफ. नाहीतर हलकं काम. नाहीतर भरती. तो कागद कंपनीत परततो तेव्हा हवालदार मेजर आजाराचं नाव वाचतच नाही. आज माझ्याकडं किती माणसं उभी आहेत, एवढंच तो मोजतो. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टर विचारतो, ‘काय होतंय?’ आमच्याकडंही तेच विचारतात, पण त्या प्रश्नाच्या पाठीमागं दुसरा उभा असतो: हा माणूस परत कधी, आणि कोणत्या कामाला? तुमच्या भावाचा ‘बोर्ड’ हे त्याच दुसऱ्या प्रश्नाचं सरकारी रूप आहे. आणि मराठवाड्यात हा दवाखाना कशाला, याचं उत्तरही तिथंच सापडतं. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

माझं गाव भोकरदनच्या बाजूला. असई आमच्यापासून बैलगाडीच्या अंतरावर. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज तिथं भिडली. शाळेत आम्हाला लढाई शिकवली, तोफा शिकवल्या, वेलस्लीनं पिंपळगावजवळ उतार शोधला तेही शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते कुणी शिकवलं नाही. वेलस्लीच्या बाजूचे ४२८ मेले आणि १,१३८ जखमी झाले. डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. रात्रभर माणसं रानात पडून होती. दुसऱ्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनची ताजी फौज येऊन पोचली. माघार घेणाऱ्या मराठा फौजेच्या पाठीवर तिनं लगेच जावं, असा सगळा बेत. पण तिचे डॉक्टर वेलस्लीच्या जखमींना लागले आणि फौज तिथंच अडकली. पाठलागाला ती २६ तारखेला निघाली. तोवर समोरचे बरेच लांब गेले होते.

जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात ठेवायचा विचार झाला. निजाम इंग्रजांचा दोस्त, पण त्याच्या किल्लेदारानं दार उघडायला नकार दिला. शेवटी अजिंठ्याला दवाखाना मांडला आणि जखमी तिकडं नेले. लेण्यांना नव्हे, वर अजिंठा गावाला. तटबंदी आहे ना गावाला, तिथं. आपल्या भागात लेखी नोंद असलेला, फौजेनं थाटलेला इतका जुना दवाखाना मला तरी दुसरा ठाऊक नाही. पावसाळा सरत आलेला, घाटाचा रस्ता, डोलीत पडलेला जखमी आणि डोली खांद्यावर घेऊन चिखल तुडवणारे भोई. मी स्वतः स्ट्रेचर वाहिलेला माणूस आहे. चौघांच्या खांद्यावर एक माणूस घेऊन चढ चढणं काय असतं, ते मला सांगायला नको. त्या भोयांपैकी एकाचंही नाव कुठल्या कागदात नाही.

असईनं सेनापतींना एक हिशेब शिकवला. जखमींची सोय नसेल तर धडधाकट फौजही जागची हलत नाही. लष्करी दवाखाना दयेपोटी जन्मला नाही, तो या हिशेबातून जन्मला. दया होती, नाही असं नाही. मी वॉर्डात भरपूर पाहिली. पण पगार हिशेबाचाच निघतो.

लढाईनंतर फौज इथून गेली नाही. हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, हेन्री रसेल यानं १८१३ मध्ये निजामाच्या खर्चानं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक ब्रिगेड उभारली. तीच वाढत वाढत ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई, ही तिची ठाणी. जालन्यालाही छावणी होती. या फौजेचा खर्च निजामाला झेपेना, देणं तुंबलं, म्हणून १८५३ च्या तहात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडं गेला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड नाही मिळालं. म्हणजे शिपायाचा पगार, घोड्याचा चंदी-चारा आणि दवाखान्यातली क्विनाइनची बाटली, या सगळ्यासाठी आपला एक जिल्हा काही वर्षं गहाण पडला होता, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

त्या काळचा दवाखाना म्हणजे पलटणीचा दवाखाना. प्रत्येक पलटणीचा आपापला. एक इंग्रज सर्जन, हाताखाली ‘नेटिव्ह डॉक्टर’, एक ड्रेसर, एक पाणक्या, एक झाडूवाला. देशी शिपाई आजारी पडला की स्वतःची वळकटी घेऊन यायचा. जेवण त्याच्या पगारातून, करायचं पलटणीतल्या भाऊबंदानं. सरकारकडून औषध आणि छप्पर. गोऱ्या शिपायाला खाट, गादी, जेवण सगळं होतं. हा फरक पुढं पहिल्या महायुद्धापर्यंत चालला, हे नव्या पोरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

१८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्याच पहिल्या रिसाल्यानं, म्हणजे कंटिंजंटच्या घोडदळानं, उठाव केला, तो पुण्याकडून आलेल्या फौजेनं मोडला. त्या वर्षानंतर हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या वाढवली गेली, आणि मग एक नवीच अडचण दिसायला लागली. हे शिपाई लढाईत मरत नव्हते, बराकीत मरत होते. सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. गोऱ्या शिपायांचं मरण्याचं प्रमाण वर्षाला हजारी ६९. म्हणजे हजाराच्या पलटणीतून दरसाल जवळपास एक कंपनी मातीत, एकही गोळी न सुटता. कारणं कुठली? पटकी, हगवण, हिवताप, विषमज्वर. पाणी, मैला आणि डास.

आपण छावणीत गेलो की म्हणतो, काय रुंद रस्ते, काय झाडं, साहेबांचा थाट बघा. थाट आहेच, पण त्यातला बराचसा नकाशा डॉक्टरांनी आखलेला आहे. १८६४ मध्ये छावण्यांचा कायदा आला. बराकीला उंच जोतं, दोन बराकींत मोकळी जागा, विहिरीपासून संडास लांब, मैल्याची रोजची विल्हेवाट, बाजारातल्या मटणाची तपासणी. छावणी शहराच्या तटाबाहेर, खाम नदीच्या पलीकडं. शिपायाला बरं करणारी औषधं तेव्हा फारशी नव्हतीच. म्हणून त्याला आजारीच पडू द्यायचं नाही, हा उपाय. याच काळजीची एक काळी बाजूही होती. छावणीच्या बाजारातल्या बायकांना पकडून तपासायचं आणि रोग निघाला की कोंडून ठेवायचं, त्यासाठी ‘लॉक हॉस्पिटल’ असायचं. रोग शिपायानं आणला की बाईनं, हे कुणी विचारत नव्हतं. हिशेब फक्त शिपायाचा.

मलेरियाचं कोडंही याच निजामाच्या राज्यात सुटलं. रोनाल्ड रॉस हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा लष्करी डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. आज सव्वाशे वर्षांनंतरही सूर्य मावळला की युनिटमध्ये हुकूम असतो: बाह्या खाली. मच्छरदाणीला भोक निघालं तर शिक्षा. माझ्या पोरांना मी घरीसुद्धा बाह्या खाली करायला लावायचो. बायको म्हणायची, निवृत्त झालात, आता तरी पुरे करा.

१९०३ च्या फेररचनेत कंटिंजंट भारतीय सैन्यात मिसळून गेली. तिच्या पायदळ पलटणींपासून पुढं हैदराबाद रेजिमेंट आणि मग आजची कुमाऊं रेजिमेंट झाली. रिसाल्यांची परंपरा डेक्कन हॉर्सकडं गेली. हिंगोली आणि मोमिनाबादची ठाणी ओस पडली. त्याच अंबाजोगाईत पुढं स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. फौज गेली आणि दवाखाना आला, ही उलटी गोष्ट मला फार आवडते. औरंगाबादची छावणी मात्र टिकली. आज मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत नांदती छावणी ही एकच.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी आणि आजारी शिपायांचे जे हाल झाले, त्यांचा लंडनपर्यंत बोभाटा झाला. तिथल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या. चौकशी झाली, आणि १९१८ मध्ये देशी शिपायांसाठीही ‘स्टेशन हॉस्पिटल’ आलं. पलटणीचा दवाखाना मोडून सगळ्या ठाण्याचा एक दवाखाना. वळकटी घरी ठेवायची, खाट सरकारची, जेवण सरकारचं. छावणीतल्या आजच्या व्यवस्थेचा खरा पूर्वज हा. दुसऱ्या महायुद्धात, ३ एप्रिल १९४३ ला, डॉक्टर, असिस्टंट आणि वॉर्डातले शिपाई यांची वेगवेगळी खाती एकत्र करून मेडिकल कोअर झाली. म्हणून ३ एप्रिल हा आमचा स्थापना दिन. ब्रीद ‘सर्वे सन्तु निरामयाः’. नर्सिंगच्या सिस्टर आमच्यापेक्षा जुन्या. दहा जणींची पहिली तुकडी मार्च १८८८ मध्ये मुंबईला उतरली. त्या अधिकारी असतात, हुद्दा असतो, सॅल्यूट असतो. गावाकडून आलेले नातेवाईक वॉर्डातल्या मेजर बाईंना ‘ओ सिस्टर, जरा पाणी’ म्हणून हाक मारतात. बाई रागवत नाहीत, पाणी देतात. पण तुम्ही जरा जपून.

सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस ॲक्शनबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही शाळेत दर १७ सप्टेंबरला झेंडा लावता. त्याच वर्षी १ मे ला पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज सुरू झालं, आणि लष्करी डॉक्टर घडवायचं काम आपल्याच राज्यात आलं.

आता आजचं. छावणीतलं हॉस्पिटल म्हणजे साखळीतली मधली कडी समजा. खाली युनिटची एमआय रूम. वर पुण्याचं कमांड हॉस्पिटल. त्याच्याही वर दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल, त्याला आम्ही ‘आर अँड आर’ म्हणतो. मणक्याच्या दुखापतीला खडकी, पाय गेला तर पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, ते १९४४ पासून आहे. खालच्या कडीनं काय करायचं आणि कधी वर पाठवायचं, हे ठरलेलं असतं. तुमच्या भावाला पुण्याला हलवलं तर ‘प्रकृती बिघडली’ असं समजून आरडाओरडा करू नका. बहुतेक वेळा तिथं अमुक तज्ज्ञ किंवा अमुक यंत्र आहे, एवढंच असतं. काळजीची खूण वेगळी. नाव ‘एसआयएल’ किंवा ‘डीआयएल’वर चढलं, म्हणजे गंभीर किंवा अतिगंभीर यादीत, तर घरी कळवतात. तसं कळवलेलं नाही ना? मग बरं आहे.

सीमा लांब, मग इथं रुग्ण कोण? तुमचा भाऊच की! मराठवाड्यातून गेलेला जवान लडाखला असो की नागालँडला, वर्षातून दोन-तीनदा सुट्टीवर गावी येतोच. आला की ताप येतो, साप चावतो, गाडी घसरते. सुट्टीवरच्या माणसाला जवळचं मिलिटरी हॉस्पिटल हेच त्याचं ठिकाण. हे ‘जवळचं’ आपल्याकडं कधी कधी तीनशे किलोमीटर असतं, उदगीरच्या माणसाला विचारा. तिकडच्यांना सिकंदराबाद बरं पडतं. याशिवाय छावणीतल्या युनिटचे जवान, त्यांची बायकामुलं, बाळंतपणं, लसी, दात, डोळे, भरतीची आणि बढतीची तपासणी. गोळी लागलेला माणूस मी अशा शांततेच्या ठिकाणी क्वचितच पाहिला. प्लास्टर मात्र रोज.

आणि जे वॉर्डात दिसत नाही ते अजून वेगळं. लष्करात स्वच्छतेचं खातंच असतं. लंगरच्या आचाऱ्याची नखं तपासतात, त्याची शौचाची तपासणी होते, पाण्यातलं क्लोरीन रोज बघतात. पाण्यासाठी एक पेटी असते, हॉरॉक्सची. सहा पांढरे कप, एक काळा. काळ्या कपात दोन ग्रॅमचा सपाट चमचाभर ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवायची. पांढऱ्या सहा कपांत विहिरीचं पाणी भरायचं आणि त्यात काळ्या कपातलं द्रावण अनुक्रमे एक, दोन, तीन असे सहापर्यंत थेंब टाकायचं. ढवळून अर्धा तास सोडून द्यायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पहिल्या कपात स्वच्छ निळा रंग येईल त्याचा नंबर लक्षात ठेवायचा. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर. चौथा झाला तर आठ ग्रॅम. विहिरीतल्या पाण्याचा अंदाज काढा आणि गुणाकार करा. संपलं.

आमच्या गावात टँकर सुरू झाला त्या उन्हाळ्यात मी हे करून दाखवलं. टँकर विहिरीत रिकामा करायचे आणि बाया पोहऱ्यानं ओढायच्या. ग्रामपंचायतीचा माणूस पावडर टाकायचा, पण कशी? ओंजळीनं. एके दिवशी पाणी तोंडात धरवत नसे, दुसऱ्या दिवशी पावडरचा पत्ता नसे. मी चहाचे सहा पांढरे कप मांडले, एक स्टीलचा पेला, डोळ्यात औषध घालायचा ड्रॉपर, आणि निळ्या रंगासाठी तालुक्याच्या प्रयोगशाळेतून बाटली आणली. पोरं जमली. पाचवा कप निळा झाला. म्हणजे ४५५ लिटरला दहा ग्रॅम. पाणी चांगलंच घाण होतं. त्या वर्षी गावात हगवणीची साथ आली नाही. माझ्या कपांमुळं, असं मी म्हणत नाही. पण गुरुजी, हा प्रयोग तुमच्या सातवी-आठवीच्या वर्गात होण्यासारखा आहे, करून बघा.

लष्करी दवाखाना गावाच्या कामी कधी येतो, असंही लोक विचारतात. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा पुण्याकडून निघालेल्या एका वैद्यकीय तुकडीत सर्वांत धाकटा. पावसानं चिखल. आपली जुनी घरं दगड-मातीची, वर माळवद, दर पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर. अख्खा डोंगर डोक्यावर घेऊन झोपायची आपली माणसं. वाचलेल्यांत हाडं मोडलेले होते, नाकातोंडात माती गेलेले होते. एक गोष्ट तिथं शिकलो ती आयुष्यभर पुरली. दगडाखाली तासन् तास दबलेला माणूस बोलत असतो, पाणी मागतो, आपल्याला वाटतं हा वाचला. वरचा दगड काढला की चेंगरलेल्या मांसातलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड बंद पडतं. म्हणून दगड काढायच्या आधी हाताला सलाईन लावायचं, मग दगड. आमचे मेजर साहेब ओरडत होते, ‘पहले ड्रिप, फिर पत्थर!’ आणि गावकरी त्यांच्यावर ओरडत होते की आधी आमचा माणूस काढा. दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. मला मराठी येत होतं, त्यामुळं समजावायचं काम माझ्याकडं आलं. लातूर-धाराशिवची बोली माझ्या तोंडी नव्हती, पण पुण्याच्या माणसापेक्षा बरी.

तर बोर्ड. मेडिकल बोर्ड म्हणजे डॉक्टरांचं पंचमंडळ, जवानाची श्रेणी ठरवणारं. श्रेणीला ‘शेप’ म्हणतात. पाच अक्षरं: मन, कान, हातपाय, अंगाची एकूण ताकद, डोळे. प्रत्येकापुढं एक ते पाच आकडा. सगळीकडं एक म्हणजे ‘शेप वन’, कुठंही पाठवा. पाच म्हणजे नोकरीस अयोग्य. मांडी मोडलेल्या माणसाचा हातपायांचा आकडा काही काळ वर चढतो. तो आधी सिक लीव्हवर घरी येईल, परत जाईल, पुन्हा तपासतील. श्रेणी सुरुवातीला तात्पुरती असते. हाड नीट जुळलं, चालणं-पळणं जमलं तर आकडा खाली येतो. नाही जमलं तर कायमची खालची श्रेणी. तिच्यातही हजारो जण नोकरी करतात, फक्त उंचावरची ठाणी, अवजड ओझं असल्या कामातून सुटका होते. बढतीवर परिणाम होऊ शकतो, ते खोटं सांगणार नाही.

इथं एक कागद महत्त्वाचा, दुखापतीचा अहवाल. आयएएफवाय-२००६ नावाचा फॉर्म. त्यात लिहितात: कुठं, कधी, कसं लागलं, ड्यूटीवर होता का. दुखापत नोकरीमुळं झाली की नाही, पुढं अपंगत्व पेन्शन मिळेल की नाही, हे त्यावरून ठरतं. पेन्शनसाठी अपंगत्व साधारण २० टक्के तरी लागतं आणि त्याचा नोकरीशी संबंध लागतो. सुट्टीवर असताना गावात गाडी घसरली तर हा संबंध दाखवणं अवघड. युनिटमधून सुट्टीवर येताना किंवा परत जाताना वाटेत झालं असेल तर गोष्ट वेगळी, तो प्रवास ड्यूटीत धरतात. भाऊ त्या दिवशी नेमका कुठून कुठं चालला होता, हे खरं खरं लिहा. कुणी गावात सल्ला देईल की ‘स्टेशनवरून येत होता म्हणून सांगा.’ नका सांगू. चौकशी होते, रेल्वेचं वॉरंट तपासतात, आणि खोटं निघालं तर मग मात्र नोकरीवर येतं.

मी हे एवढ्या ठासून का सांगतो, ते ऐका. नोकरीच्या सुरुवातीला एका उंच ठाण्यावर मी पलटणीच्या मदत केंद्रात होतो. बीडकडचा एक पोरगा पाठीवर रेशनचं ओझं घेऊन चढताना घसरला, कंबर धरून बसला. मी शेक दिला, गोळ्या दिल्या, दोन दिवस झोपवलं. बर्फ पडत होता, वर अजून तिघं आजारी होते. फॉर्म उद्या भरू म्हटलं. उद्या आला नाही. अकरा वर्षांनी त्याची कंबर पूर्ण गेली, बोर्ड बसला, आणि बोर्डानं विचारलं, पहिली दुखापत कुठं नोंदली आहे? कुठंच नव्हती. त्यानं मला पत्र लिहिलं. मी लेखी जबाब दिला, पण त्या दिवशीच्या कागदाला जे वजन असतं ते अकरा वर्षांनंतरच्या आठवणीला नसतं. पुढं कोर्टात त्याचं काम झालं, फार वर्षांनी. पत्रात त्यानं मला एक शब्द वाईट लिहिला नव्हता. ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

म्हणून खासगी दवाखान्यातले सगळे कागद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, पावत्या, पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत, एका फाइलीत लावा. दोन-दोन झेरॉक्स. मूळ प्रत हातची सोडू नका, दाखवा आणि परत घ्या. भावाच्या युनिटला कळवलं आहे का, ते त्यालाच विचारा. फोनवर कळवलं असेल तर लेखीही कळवू द्या.

आईचं. भावाच्या नोकरीच्या कागदांत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, आईचं नाव अवलंबित म्हणून चढलेलं असेल आणि तिचं कार्ड असेल, तर तिला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखवता येतं. पुष्कळ पोरं बायकोचं नाव चढवतात आणि आईचं विसरतात. तुमची आई तुमच्यावर अवलंबून आहे की त्याच्यावर, आणि तिला स्वतःचं उत्पन्न किती, हेही बघतात. तुम्ही पगारदार शिक्षक, तुमची स्वतःची तिथं सोय नाही, त्यावर वाद घालू नका. भाऊ निवृत्त झाला की त्याचा मार्ग बदलेल. तेव्हा ‘ईसीएचएस’, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. ही योजना १ एप्रिल २००३ ला आली. त्याआधी निवृत्त माणूस मिलिटरी हॉस्पिटलच्या दारात जागा असेल तर, औषध असेल तर, असा उभा राहायचा. आता पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड दाखवायचं, तिथून गरजेप्रमाणं नोंदलेल्या खासगी दवाखान्यात पाठवतात. जीवावर बेतलं आणि योजनेत नसलेल्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. गावातल्या तुमच्या ओळखीच्या माजी सैनिकांना हे सांगा, हे ४८ तास चुकवून बिलं अंगावर पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

अजून एक घोळ टाळा. छावणीत दोन दवाखाने आहेत. छावणी परिषदेचा एक, तो छावणीतल्या साध्या नागरिकांसाठी. आणि मिलिटरी हॉस्पिटल वेगळं, गेटवर संत्री असतो. रिक्षावाले ‘छावणी हॉस्पिटल’ म्हटलं की बहुतेक पहिल्याच ठिकाणी सोडतात. ‘एमएच’ म्हणा.

जाताना भावाचं नाव, नंबर, युनिट आणि वॉर्ड कागदावर लिहून न्या, स्वतःचं आधार कार्ड न्या, फोन गेटवर ठेवायला सांगितला तर कुरकुर करू नका. डबा नेणार असाल तर आधी वॉर्डात विचारा, पथ्य असेल तर परत आणावा लागेल. आणि गुरुवार सोडून जा. त्या दिवशी छावणीचा बाजार भरतो, बैलं-शेळ्यांच्या गाड्यांतून वाट काढता काढता भेटायची वेळ टळून जाईल.